फोल्डर नेमका धरलाय कोणी?

एप्रिलचा पहिला आठवडा उजाडला की चार्टर्ड अकाउंटंटांच्या आणि करसल्लागारांच्या कचेऱ्यांत एक काम हमखास निघते: सरलेल्या आर्थिक वर्षाचे फोल्डर चालू कामातून उचलून 'जुने' विभागात टाकायचे. फोल्डर असतात नेटवर्क ड्राइव्हवर, म्हणजे सगळ्यांच्या संगणकांवर झेड किंवा एक्स म्हणून दिसणाऱ्या सामाईक जागेत. एक फोल्डर ओढून दुसरीकडे सोडला की विंडोज सांगते, हा फोल्डर किंवा त्यातली एखादी फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे, ती बंद करून पुन्हा प्रयत्न करा. कोणती फाइल, कोणाकडे, कोणत्या संगणकावर, यातले काहीच त्या संदेशात नसते. मग कोणीतरी मधोमध उभे राहून आवाज देते, "पाटलांचा फोल्डर कोणी उघडलाय का रे?" सगळे माना हलवतात. कोणाकडेही काही उघडे नसते, आणि फोल्डर हलत नाही तो नाहीच.

या अडचणीवर प्रचलित उपाय बरेच आहेत. संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा, 'अनलॉकर'सारखा प्रोग्रॅम टाकून फाइल जबरदस्तीने सोडवावी, सगळे घरी गेल्यावर रात्री काम करावे, किंवा हलवण्याऐवजी नक्कल करून मूळ फोल्डर तसाच सोडून द्यावा. यांपैकी पहिले दोन बहुतेक वेळा चुकीच्या संगणकावर केले जातात. संदेश आपल्या पडद्यावर उमटतो. पण फाइल कोणी धरली आहे ही माहिती सर्व्हरकडे असते. आपला संगणक फक्त सर्व्हरचा नकार वाचून दाखवतो. हे एकदा नीट ध्यानात घेतले की कोणता उपाय कधी कामाचा आणि कधी धोक्याचा, हे आपोआप उलगडत जाते.

बंदी आली कोठून

डॉसच्या आरंभीच्या काळात यंत्रापुढे एकच माणूस बसणार आणि एका वेळी एकच प्रोग्रॅम चालणार, हे गृहीतच होते. १९८४मध्ये आलेल्या एमएस-डॉस ३.० बरोबर 'शेअर' नावाचा छोटा प्रोग्रॅम आला आणि फाइल वाटून वापरण्याचे नियम आले. आयबीएममध्ये बॅरी फायगेनबाऊम यांनी साधारण त्याच सुमारास फाइल नेटवर्कवरून उघडण्याची जी पद्धत आखली, तीच वाढत वाढत आजची एसएमबी झाली. आपला झेड ड्राइव्ह तिच्यावरच चालतो.

विंडोजमध्ये प्रत्येक प्रोग्रॅम फाइल उघडताना दोन गोष्टी कळवतो. मला वाचायचे आहे की लिहायचे, ही पहिली. आणि माझ्या हातात फाइल असेपर्यंत इतरांना काय करू द्यायचे, ही दुसरी. या दुसऱ्या भागात तीन परवानग्या येतात: वाचणे, लिहिणे आणि काढून टाकणे. नाव बदलणे आणि हलवणे हे तिसरीतच मोडते. वर्ड किंवा एक्सेल ही तिसरी परवानगी सहसा देत नाही, आणि ते योग्यच आहे; आपण ताळेबंद लिहीत असताना खालून फाइल निघून गेली तर 'सेव्ह' कोठे होणार? परवानगी नसताना कोणी फाइल हलवू पाहिली की विंडोज ३२ क्रमांकाची त्रुटी देते.

फोल्डरच्या बाबतीत नियम आणखी कडक आहे. पाच पातळ्या खाली एखादी फाइल उघडी असली तरी सगळ्यात वरच्या फोल्डरचे नाव बदलता येत नाही, कारण त्या उघड्या फाइलचा पूर्ण पत्ताच बदलणार असतो. गंमत अशी की अशा वेळी विंडोज कधीकधी 'फाइल वापरात आहे' न म्हणता 'प्रवेश नाकारला' असे म्हणते. ती ५ क्रमांकाची त्रुटी. ती पाहून लोक परवानग्यांच्या मागे लागतात, फोल्डरची मालकी बदलतात, 'एव्हरीवन'ला सगळे हक्क देऊन टाकतात. मूळ अडथळा जागच्या जागी राहतो आणि वर्षभर जपलेली परवानग्यांची घडी तेवढी विस्कटते. एखादा फोल्डर काल हलत होता, आज हलत नाही आणि मधे परवानग्यांना कोणी हात लावलेला नाही, तर आधी उघड्या फाइलचाच संशय घ्यावा.

धरणारे कोण कोण

उघड संशयित म्हणजे समोर उघडे असलेले वर्ड, एक्सेल, टॅली किंवा ऑटोकॅड. पण पडद्यावर उघडी दिसणारी प्रत्येक फाइल धरलेली नसते आणि धरलेली प्रत्येक फाइल पडद्यावर दिसत नाही. जुने नोटपॅड मजकूर स्मृतीत घेते आणि फाइल लगेच सोडून देते. त्यात उघडी असलेली यादी खुशाल हलवता येते. उलट, 'ओपन'च्या चौकटीतून एखाद्या फोल्डरपर्यंत जाऊन फाइल उघडली की काही प्रोग्रॅम तो फोल्डर आपला 'चालू फोल्डर' म्हणून धरून बसतात. फाइल बंद केली, दुसरी उघडली, तरी पहिल्या फोल्डरवरचा हात सुटत नाही. त्यासाठी प्रोग्रॅमच बंद करावा लागतो. काळ्या पडद्याच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये कोणी त्या फोल्डरमध्ये शिरून खिडकी खाली करून ठेवली असेल, तरी हेच होते. माना हलवणारे सगळे खरे बोलत असतात ते यामुळेच.

दुसरा संशयित खुद्द फाइल एक्सप्लोरर. उजवीकडचा प्रिव्ह्यू पेन सुरू असेल तर नुसती निवडलेली पीडीएफ किंवा वर्डची फाइलही आतून उघडलेली असते. दुसऱ्या खिडकीत त्याच फोल्डरचा एखादा उपफोल्डर उघडा असला, तरी वरचा फोल्डर अडतो.

त्याहून चिवट आहे थंब्ज.डीबी ही लपलेली फाइल. चित्रांची छोटी रूपे साठवण्यासाठी विंडोज ती बनवते. एक्सपीच्या काळात ती जवळजवळ प्रत्येक चित्रांच्या फोल्डरमध्ये असे. व्हिस्टापासून स्वतःच्या डिस्कवरची छोटी चित्रे वापरकर्त्याच्या एका मध्यवर्ती जागी जाऊ लागली, पण नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये थंब्ज.डीबी राहिली. स्कॅन केलेल्या बिलांचा फोल्डर मोठ्या चित्रांच्या रूपात पाहिला की ती तयार होते, आणि पाहणाऱ्याच्या संगणकावरचा एक्सप्लोरर तिला काही काळ धरून ठेवतो. म्हणजे फोल्डर हलवण्याआधी 'एकदा आत डोकावून पाहू' म्हणणाराच पुष्कळदा तो अडवतो. याचा इलाज कायमचा आहे: ग्रुप पॉलिसीत वापरकर्त्याच्या विभागातल्या फाइल एक्सप्लोररच्या नियमांत, लपलेल्या थंब्ज.डीबीमध्ये छोटी चित्रे साठवणे बंद करण्याचा पर्याय आहे, तो लागू करावा. विंडोजच्या होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसीची खिडकी नसते, तिथे हेच रजिस्ट्रीतून करावे लागते. किंमत एवढीच, की नेटवर्कवरची छोटी चित्रे दर वेळी नव्याने बनतात आणि मोठे फोल्डर थोडे सावकाश उघडतात.

तिसरा गट खुणेच्या फाइलींचा. वर्ड आणि एक्सेल उघड्या फाइलशेजारी नागमोडी रेघ आणि डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारी एक लपलेली फाइल ठेवतात, लिबरऑफिस स्वतःची कुलूप-फाइल ठेवते, ऑटोकॅड डीडब्ल्यूएल ठेवते आणि ॲक्सेस एलएसीसीडीबी. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी, तसा हा प्रकार. काम नीट संपले की प्रोग्रॅम आपला रुमाल उचलून नेतो. पण वीज गेली किंवा प्रोग्रॅम कोसळला की माणूस उतरून जातो आणि रुमाल सीटवर राहतो. तसे झाल्यावर ती फाइल हाताने काढून टाकण्यात गैर काही नाही, फक्त खरेच कोणी बसलेले नाही याची आधी खात्री करावी. ॲक्सेसच्या बाबतीत तर ही खात्री अत्यावश्यक आहे.

चौथा गट पडद्याआडचा: अँटिव्हायरस, शोधसूची बनवणारी सेवा, बॅकअप, ऑफलाइन फाइलींचा मेळ घालणारी यंत्रणा. हे सहसा क्षणभर धरतात आणि सोडतात. पाच मिनिटांनी आपोआप हललेला फोल्डर बहुधा यांच्यापैकीच कोणीतरी सोडलेला असतो.

आणि शेवटचा संशयित गैरहजर असतो. कोणीतरी लॅपटॉप मिटून साइटवर गेले, वायफाय तुटले. सर्व्हरला ते लगेच कळत नाही; तो त्या माणसाच्या फाइली काही काळ त्याच्याच नावावर ठेवतो. त्यातच विंडोज ७पासून एसएमबीमध्ये आणखी एक सोय आली. वेग वाढावा म्हणून ग्राहक-संगणक फाइल बंद झाल्यावरही तिच्यावरचा हात लगेच सोडत नाही, आणि दुसऱ्या कोणाला ती हवी झाली की सर्व्हर त्याला सोडायला सांगतो. समोरचा संगणक जागा असेल तर हे आपल्याला कळतसुद्धा नाही. तो झोपलेला असेल तर सर्व्हर उत्तराची वाट पाहत राहतो.

विचारायचे कोणाला

आपल्या संगणकावर शोध घेण्याची साधने चांगली आहेत. रिसोर्स मॉनिटरच्या सीपीयू पानावर फोल्डरचे नाव टाकून शोधता येते. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांच्या सिसइंटर्नल्स संचातला प्रोसेस एक्सप्लोरर अधिक नेमके सांगतो. हा संच २००६मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेला आणि तेव्हापासून तिथूनच मोफत मिळतो. २०२२पासून पॉवरटॉइजमध्ये 'फाइल लॉकस्मिथ' आहे, त्यात उजव्या क्लिकवर उत्तर मिळते. पण ही सगळी साधने या एका संगणकापुरतेच बोलतात. आपल्याच प्रिव्ह्यू पेनने फाइल धरली असेल तर ती पकडतील; शेजारच्या टेबलावरच्या एक्सेलचा त्यांना पत्ताही नसतो.

म्हणून ज्या संगणकावर फोल्डर प्रत्यक्ष ठेवलेले आहेत तिथे, प्रशासकाचे हक्क घेऊन जावे. 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट'मध्ये 'शेअर्ड फोल्डर्स' आणि त्याखाली 'ओपन फाइल्स' अशी यादी असते: कोणती फाइल, कोणी उघडली, वाचायला की लिहायला, किती कुलपे. जुन्या मंडळींना 'नेट फाइल' ही आज्ञा माहीत असते. विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२पासून पॉवरशेलमध्ये 'गेट-एसएमबीओपनफाइल' आहे. तिच्यात फाइलच्या पत्त्यासोबत वापरकर्त्याचे नाव आणि त्याच्या संगणकाचे नाव किंवा आयपी पत्ता मिळतो, आणि हजार ओळींतून एका फोल्डरपुरत्या ओळी वेगळ्या काढता येतात.

या यादीला एक मर्यादा आहे. तिच्यात फक्त नेटवर्कवरून उघडलेल्या फाइली येतात. सर्व्हरवरच बसून किंवा रिमोट डेस्कटॉपने शिरून कोणी डी ड्राइव्हवरून थेट फाइल उघडली असेल, किंवा सर्व्हरवरचा बॅकअप ती वाचत असेल, तर यादी कोरी दिसेल आणि फोल्डर तरीही अडेल. तिथे मग प्रोसेस एक्सप्लोरर सर्व्हरवरच चालवावा.

यादी मिळाली तरी तिचा अर्थ लागेलच असे नाही, आणि इथे आपल्याकडच्या छोट्या कचेऱ्यांचे दुखणे समोर येते. संगणक विकत आणला तेव्हा विक्रेत्याने खाते उघडून दिले 'अ‍ॅडमिन' नावाने, दुसऱ्यावर 'यूजर', तिसऱ्यावर संगणकाच्या कंपनीचे नाव. सर्व्हरवर सगळ्यांसाठी एकच सामाईक खाते, पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला. मग ओपन फाइल्सच्या यादीत वरपासून खालपर्यंत एकच नाव दिसते, आणि एक्सेल सांगते की ही फाइल 'अ‍ॅडमिन' वापरत आहेत. हातात उरतो तो आयपी पत्ता. तो कोणत्या टेबलाचा, याची चिठ्ठी कोणी ठेवलेली असेल तर ठीक.

तोडावे केव्हा

त्याच यादीत उजवी क्लिक केली की 'फाइल बंद करा' असा पर्याय येतो. पॉवरशेलमध्ये त्यासाठी 'क्लोज-एसएमबीओपनफाइल' आहे. हे बटण दाबले की त्या माणसाच्या पडद्यावर वेगळे काही दिसत नाही, तो टाइप करत राहतो. फाइल हातातून गेल्याचे त्याला कळते ते साठवायला जाईल तेव्हा, आणि तोवर केलेले काम धोक्यात असते. टॅलीसारख्या विदाकोशावर ही जबरदस्ती केली तर लिहिण्याच्या मध्यावर फाइल तुटू शकते. सर्व्हरची फाइल-सेवाच बंद करून पुन्हा सुरू करणे म्हणजे हेच काम एकदम सगळ्यांवर करणे.

अनलॉकर प्रकारचे प्रोग्रॅम आणखी एक पायरी पुढे जातात: चालू प्रोग्रॅमच्या हातातली फाइल ते आतून काढून घेतात, आणि त्या प्रोग्रॅमला पत्ता लागत नाही. असे केल्याने प्रोग्रॅम किंवा सगळी यंत्रणा अस्थिर होऊ शकते, हा इशारा सिसइंटर्नल्सच्या साधनांतही स्पष्ट दिलेला आहे. 'पुढच्या वेळी संगणक सुरू होताना हलवू' ही सोय नेटवर्कवर मुळीच चालत नाही, कारण ते काम विंडोज नेटवर्क सुरू होण्याच्या आधी करते. म्हणजे घरच्या संगणकावर हमखास चालणारी युक्ती झेड ड्राइव्हवर निष्फळ ठरते.

तोडायला हरकत नाही अशी स्थिती एकच: यादीतला माणूस कोण हे कळले आहे, त्याला विचारले आहे, आणि त्याच्याकडे साठवायचे काही उरलेले नाही किंवा त्याचे यंत्रच बंद पडलेले आहे.

हलवणे म्हणजे काय

हलवण्याचे दोन प्रकार आहेत. एकाच ड्राइव्हवर, एकाच शेअरच्या, म्हणजे सामाईक केलेल्या जागेच्या, आत फोल्डर हलवला तर ते केवळ नामांतर असते: क्षणात होते किंवा मुळीच होत नाही. पण झेडवरून वायवर, एका शेअरमधून दुसऱ्यात, एका डिस्कवरून दुसरीवर हलवणे म्हणजे आधी नक्कल आणि मग मूळ फाइल पुसणे. इथे अडथळा मध्येच येतो. निम्म्या फाइली नव्या जागी, उघडी असलेली फाइल दोन्हीकडे, आणि काही फक्त जुन्या जागी, अशी त्रिशंकू अवस्था होते. त्यातच कोणी जुन्या प्रतीवर काम चालू ठेवले तर महिन्याभराने दोन ताळेबंद समोर येतात. परवानग्यांचाही फरक पडतो. एकाच डिस्कवर हलवलेला फोल्डर त्याला दिलेल्या खास परवानग्या सोबत नेतो, नक्कल होऊन गेलेला नव्या जागेच्या परवानग्या घेतो.

मोठ्या स्थलांतराला विंडोजची रोबोकॉपी ही आज्ञा उत्तम, पण तिची मूळ सेटिंग्ज बदलल्याशिवाय ती चालवू नये. उघडी फाइल भेटली की ती ३० सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करते, आणि असे १० लाख वेळा करते. हिशेब केला तर एका अडलेल्या फाइलसाठी जवळजवळ ३४७ दिवस होतात. दोन प्रयत्न आणि पाच सेकंद एवढेच ठेवावे आणि नोंदवही लिहायला सांगावी. तिच्या 'मूव्ह'च्या पर्यायापेक्षा दोन टप्पे सुरक्षित: दिवसा कोणाला न अडवता नक्कल घ्यावी, संध्याकाळी जुना फोल्डर फक्त वाचण्यापुरता ठेवून राहिलेले आणि बदललेले पुन्हा घ्यावे, नोंदवहीत अडलेली फाइल एकही नाही हे पाहावे, आणि मगच मूळ फोल्डर काढावा. एक लक्षात ठेवावे, परवानगी बदलल्याने आधीच उघडलेली फाइल बंद होत नाही. बंदी फक्त पुढच्यांना लागते.

नॅस आणि ढग

अनेक कचेऱ्यांत आता सर्व्हरऐवजी नॅस, म्हणजे नेटवर्कवरून फाइली पुरवणारी सिनॉलॉजी किंवा क्यूनॅपची पेटी असते. तिच्यात लिनक्स असते आणि विंडोजशी बोलते ते सांबा. ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२च्या सुमारास सुरू केलेला हा प्रकल्प. लिनक्समध्ये फाइलचे नाव आणि फाइलचा मजकूर या वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे उघड्या फाइलचेही नाव बदलता येते. सांबा एकेका फाइलपुरती विंडोजची शिस्त पाळते. पण फोल्डर हलवताना, मूळ सेटिंग बदललेले नसेल तर, ती हलवणाऱ्या संगणकाच्याच उघड्या फाइली तपासते. इतर सगळ्यांच्या तपासणे खर्चिक म्हणून तो 'स्ट्रिक्ट रिनेम'चा पर्याय बंद ठेवलेला असतो. परिणाम उलटा होतो: विंडोज सर्व्हरवर जो फोल्डर अडला असता तो इथे निमूट हलतो, आणि त्यातली फाइल उघडून बसलेल्या सहकाऱ्याचे 'सेव्ह' फसते. त्रुटी टळत नाही, फक्त दुसऱ्याच्या पदरात पडते. मॅक असतील तर त्यांच्या डीएस_स्टोअर फाइलींची भर पडते. नेटवर्कवर त्या न बनवण्याची सोय ॲपलने दिलेली आहे.

वनड्राइव्ह, शेअरपॉइंट किंवा गूगल ड्राइव्हवर गेले की वर्ड-एक्सेलपुरता हा प्रश्न बराच विरतो, कारण तिथे एकाच फाइलवर अनेकांनी एकाच वेळी लिहावे हेच अपेक्षित आहे. टॅलीचा डेटा, ॲक्सेसचे कोश, ऑटोकॅडचे नकाशे यांना ही सोय लागू पडत नाही. त्यांना कुलूप लागतेच. आणि ढगावरच्या फोल्डरची प्रत आपल्या संगणकावर आणणारा प्रोग्रॅम हा स्वतःच फाइल धरणाऱ्यांच्या यादीतला नवा सभासद असतो.

कोणत्या उपायाला किती गुण

संगणक पुन्हा सुरू करणे तेव्हाच कामाचे, जेव्हा धरणारा आपणच असतो. म्हणून तो पहिल्या मिनिटाचा उपाय, तोही प्रिव्ह्यू पेन आणि जास्तीच्या खिडक्या बंद करून पाहिल्यावर. रात्री काम करणे शहाणपणाचे, पण मिटलेला लॅपटॉप आणि रात्रीचाच बॅकअप यांपुढे त्याचा इलाज चालत नाही. अनलॉकर नेटवर्कच्या कामातून बाद करावा. थंब्ज.डीबी बंद करणे हा कमी श्रमात जास्त फायद्याचा उपाय आहे. आणि सर्व्हरवरची उघड्या फाइलींची यादी हा सगळ्यांत खात्रीचा, फक्त तिच्यात नावे खरी हवीत.

म्हणून या प्रश्नाची खरी दुरुस्ती त्रुटी येण्याच्या कितीतरी आधी करायची असते. प्रत्येक माणसाला त्याच्या नावाचे खाते द्यावे, वर्ड-एक्सेलमध्ये त्याचेच नाव घालावे, प्रत्येक संगणकाला टेबलावरून ओळखू येईल असे नाव ठेवावे, आणि चालू व जुन्या कामांचे फोल्डर पहिल्यापासून वेगळे ठेवावेत म्हणजे वर्षअखेरीला मुळातच कमी हलवावे लागेल. एवढे झाले की एप्रिलमध्ये खोलीत आवाज द्यावा लागत नाही. पहिला प्रश्न सर्व्हरला विचारावा, दुसरा त्याने सांगितलेल्या माणसाला, आणि 'बंद करा'चे बटण तिसऱ्या क्रमांकावर ठेवावे.